शुगरसाठी झाडपाला घेताय? आधी तपासणी, मग ओळख, मग माप

बेळगावकडच्या खानापूर रस्त्यावरच्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी येऊन विचारतात, "बेडकीचा पाला आणलाय, किती घ्यायचा?" (बेडकी म्हणजे गुडमारची वेल.) त्यांचं पुढचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो: "गोळ्या चार दिवस झाले बंदच केल्यात." माझ्या आत्याने हेच केलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "पाला खातोय की रे, मग गोळी कशाला?" तीन आठवड्यांनी पायाची जखम चिघळली. तपासलं तेव्हा उपाशीपोटीची साखर 340 होती.

आत्याच्या पाल्यात दोष नव्हता, क्रम उलटा झाला होता. या वनस्पतींमध्ये काहीच नाही असं मी म्हणणार नाही. त्या कशा घ्यायच्या, कुठे थांबायचं आणि काय कधीच करायचं नाही, एवढंच इथे सांगतो. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

पायरी 1: पानाला हात लावण्याआधी स्वतःचे आकडे

सात दिवस काहीही नवीन सुरू करू नका. रोज सकाळी उपाशीपोटी एकदा आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटरवर साखर मोजा. वहीत तारीख, वेळ, आकडा, जेवण आणि घेतलेली गोळी लिहा. घरी मीटर नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. स्ट्रिपवर थेंब ठेवण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला उसाचा रस किंवा फळाचा गर लागलेला असला तरी आकडा खोटा वर जातो.

याच आठवड्यात एचबीए1सी, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन आणि यकृताची एसजीपीटी करून घ्या. एचबीए1सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. उरलेल्या दोन तपासण्या लोक टाळतात, पण पाला रिचवायचं काम यकृत आणि मूत्रपिंडालाच करावं लागतं. ते आधीच थकलेले असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य असं असतं: उपाशीपोटी 80 ते 130, जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या खाली, एचबीए1सी 7 च्या खाली. वयस्कर आणि एकट्या राहणाऱ्या माणसांचं लक्ष्य डॉक्टर थोडं सैल ठेवतात.

इथेच थांबायचं कुणी:
- टाइप 1 मधुमेह असलेले. त्यांचं इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नसतं.
- गरोदर, बाळाला पाजणाऱ्या आणि दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बायका.
- लहान मुलं.
- मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेले.
- येत्या दोन आठवड्यांत ऑपरेशन ठरलेले.

पायरी 2: डॉक्टरांना सांगणं, लपवणं नाही

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. डॉक्टर रागावतील म्हणून काढ्याचं नाव काढत नाहीत. मग काढ्यामुळे साखर थोडी उतरते, गोळीमुळे आणखी उतरते आणि पहाटे माणूस घामाने डबडबून उठतो.

गोळीचं नाव वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर धोक्याइतकी खाली जायची भीती खरी आहे. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती भीती बरीच कमी. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर तुमच्या वहीतले आकडे पाहून ठरवतील. पानाचा पहिला घोट घेतला म्हणून आपण होऊन ते ठरवायचं नाही.

डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर झाडाचं कन्नड नाव सांगा, म्हणजे गोंधळ होत नाही. बेडकीला मधुनाशिनी, जांभळाला नेरळे, बिबल्याला (विजयसाराला) होन्ने, कारल्याला हागलकाई, मेथीला मेंत्ये. आपल्या भागात एकाच झाडाला तीन भाषांत तीन नावं आणि एका नावाला दोन-दोन झाडं असतात. "कावळी"चंच बघा. कुणी बेडकीला कावळी म्हणतं, कुणी भलत्याच वेलीला.

थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तीही सांगा. मेथीचा चिकट तंतू आणि जांभळाच्या बीमधला तुरट अंश ही औषधं आतड्यात अडवतात. मध्ये काही तासांचं अंतर लागतं.

पायरी 3: एकच वनस्पती निवडा

"सात पाल्यांचं चूर्ण" घेऊ नका. त्याने साखर उतरली तर कशाने उतरली हे कळत नाही आणि अंगावर पुरळ उठलं तर कशाने उठलं हेही कळत नाही. मी कोणती निवडतो ते सांगतो.

*मेथी.* नवख्या माणसाला मी मेथीपासूनच सुरुवात करायला सांगतो. घरातली आहे, ओळखायला चूक होत नाही आणि तिचं काम समजण्यासारखं आहे. दाण्यातला विरघळणारा तंतू आतड्यात जेलीसारखा फुगतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर बरंच काम केलं आहे. तिथल्या प्रयोगांत दिवसाला 25 ग्रॅम आणि त्याहून जास्त मेथी दिली होती. चार दाणे गिळून काही होत नाही ते यामुळेच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मेथी नको, दोघं एकाच कुळातली आहेत.

*बेडकी, म्हणजे गुडमार.* जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, रानाच्या कडेला ही वेल सापडते. मद्रासमधून 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 22 मधुमेहींना नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज 400 मिलिग्रॅम गुडमारचा अर्क 18 ते 20 महिने दिला. साखर उतरली, बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी झाल्या आणि पाच जणांच्या बंद झाल्या. लोकांच्या लक्षात ते पाच जण राहतात. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली, महिनोन्महिने मोजमाप करून सुटल्या, हे विसरतात. तुलनेसाठी दुसरा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता, म्हणून त्या निकालावर सगळा भार टाकता येत नाही.

*बिबला.* याच्या लाकडाचे पेले बाजारात मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 1998 च्या अभ्यासात, नव्यानेच मधुमेह कळलेल्या किंवा उपचार सुरू न केलेल्या 97 जणांपैकी 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. तिथे मोजून दिलेला अर्क होता. पेल्यातल्या पाण्यात किती उतरतं याला माप नाही.

*जांभळाची बी आणि कारलं.* दोन्ही पिढ्यानपिढ्या घेतली जातात, पण माणसांवरचे पुरावे कच्चे आहेत. जांभळाच्या पानांच्या चहाची ब्राझीलमध्ये रीतसर चाचणी झाली, तेव्हा साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही. कारलं भाजी म्हणून खुशाल खा.

धोका, हे कधीच नको: सदाफुली. "रोज सदाफुलीची पाच पानं" हा सल्ला आपल्या भागात फार फिरतो. कर्करोगावरची विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही जहाल औषधं याच झाडातून काढतात. ती पेशी मारणारी औषधं आहेत. सदाफुली दारात शोभेलाच ठेवा.

धोका: कडू दुधी. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही गिळू नका. त्यातल्या कुकुर्बिटासिनमुळे उलट्या आणि रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत, आणि 2011 साली संशोधन परिषदेला त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. दुधी आणि कारल्याचा रस एकत्र करून पिणं सगळ्यात वाईट, कारण कारल्याच्या कडूत दुधीचा कडू कळतच नाही.

पायरी 4: ओळख आणि तोडणी

बेडकीची ओळख अशी: पानं समोरासमोर जोडीने येतात, हाताला मऊ, बारीक लव असलेली. फुलं पिवळसर, अगदी बारीक, घोसात. फळ मेंढ्याच्या शिंगासारखं टोकदार, म्हणून संस्कृतात तिला मेषशृंगी म्हणतात. पण याच कुळात विषारी वेलीही आहेत. नुसत्या वर्णनावर किंवा मोबाईलच्या फोटोवर विसंबून पान तोंडात घालू नका. आधी वैद्याला, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला किंवा रानात आयुष्य गेलेल्या जाणत्याला फुलासकट फांदी दाखवा.

त्यांनी होकार दिल्यावरच ही खूण तपासा. अर्धं पान मिनिटभर चावून थुंका, चूळ भरा आणि जिभेवर चिमूटभर साखर ठेवा. खरी बेडकी असेल तर साखर वाळूसारखी लागते. दाताखाली कण कुरकुरतात, पण गोडी अजिबात नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वर कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या मिठाईचा, तुकडा खाल्ला, तोही भाजलेल्या पिठासारखा लागला. अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते. चावूनही साखर गोडच लागली तर ती बेडकी नाही, टाकून द्या.

कुठून तोडायची यालाही महत्त्व आहे. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या आणि तंबाखूच्या बांधावर तणनाशक आणि कीटकनाशक मारलेलं असतं, तिथला पाला नको. हमरस्त्याच्या कडेचा नको. राखीव जंगलातून झाडाची साल, मुळं किंवा बिबल्याचं लाकूड काढणं गुन्हा आहे. सप्तरंगीची मुळं शुगरसाठी उपटून नेतात, पण मूळ गेलं की ती वेलच संपली. बेडकीची पानं वेलीवरून थोडी थोडी घ्या, वेल उपटू नका.

पायरी 5: वाळवणी आणि दळण

1. पानं दोन पाण्यांत धुवा, फडक्यावर निथळू द्या.
2. सावलीत, वारा लागेल अशा जागी एकेरी थरात पसरा. दिवसातून दोनदा उलटा.
3. पान मुठीत चुरगाळल्यावर चुरचुर आवाज करून भुगा झालं पाहिजे. नुसतं मुडपलं तर अजून ओल आहे.
4. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका.
5. बारीक चाळणीने चाळा. काचेच्या कोरड्या, झाकणाच्या बरणीत भरा. वर नाव आणि तारीख लिहा.

जांभळाच्या बिया मे-जूनमध्ये जमवाल तेव्हा गर पूर्ण धुऊन काढा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी ठरलेली. बी दाताखाली कडक "कट्" वाजेपर्यंत वाळली पाहिजे.

खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर काहीही वाळवायला घेऊ नका. वरून कोरडं दिसतं, आत बुरशी धरते, आणि बुरशीचं विष उकळूनही जात नाही. कुबट वास, पांढुरकी जाळी किंवा गुठळ्या दिसल्या तर सगळी बरणी ओता. जे वाया गेलं ते गेलं.

तपासा: चाळणी आणि खलबत्ता आधी कशासाठी वापरला होता? एका घरात जर्द्याच्या चाळणीने पाल्याचं चूर्ण चाळलेलं मी स्वतः पाहिलं आहे. घरात मळमळ आणि चक्कर सुरू झाली, आणि दोष बिचाऱ्या बेडकीला लागला.

पायरी 6: माप

चमचा म्हणजे माप नव्हे. शीग लावलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळपास दुप्पट भरतो आणि पानांचं चूर्ण बियांच्या चूर्णापेक्षा हलकं असतं. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्या.

आयुर्वेदात बेडकीच्या पानांच्या आणि जांभळाच्या बियांच्या चूर्णाची दिवसाची नेहमीची मात्रा 3 ते 6 ग्रॅम. तुम्ही पहिला आठवडा 1 ग्रॅमने सुरू करा, पुढची मात्रा वैद्याला विचारून ठरवा. मेथी 5 ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवा. एकदम वाढवली तर पोट फुगतं आणि जुलाब होतात, मग लोक दुसऱ्याच दिवशी सोडून देतात.

विकतच्या कॅप्सूलमध्ये चूर्ण आहे की अर्क, हे आधी वाचा. लेबलवर "10:1 अर्क" असेल तर 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल 5 ग्रॅम पाल्यापासून बनलेली असते. चूर्णाच्या मापाने अर्क घेतला तर दहापट डोस होतो.

आयुष परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसलेली पुडी घेऊ नका. "मधुमेह मुळापासून बरा" असं छापलेलं दिसलं तर दुकानातून बाहेर पडा, अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे. पुडी घेतल्यावर दोन दिवसांतच साखर धाडकन खाली आली तर खूश होऊ नका. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी दळून घातलेली सापडली आहे.

पायरी 7: तयार करणं

*मेथी:* रात्री कोमट पाण्यात भिजवा. सकाळी पाणी प्या आणि दाणेही चावून खा. नुसतं पाणी पिऊन दाणे गाईच्या आंबोणात टाकणं ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची चूक. बराचसा तंतू दाण्यातच राहतो. चावणं जमत नसेल तर वाटून ताकात घाला किंवा भाकरीच्या पिठात मळा.

*बेडकीचं चूर्ण:* जेवणाआधी पाण्याबरोबर.

*काढा:* पूर्वापार प्रमाण एक भाग द्रव्य, सोळा भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा. म्हणजे 5 ग्रॅम भरडीला 80 मिलिलिटर पाणी, उरवायचं 10 मिलिलिटर. मंद आच, झाकण उघडं, स्टीलचं भांडं. लोखंडी कढईत तुरट द्रव्य काळंठिक्कर पडतं. काढा रोज ताजा करा, कालचा उकळून पिऊ नका.

*बिबल्याचा पेला:* रात्री पाणी भरा, सकाळी गाळून प्या. पाणी तांबूस झालेलं असतं आणि उन्हात धरलं की कडेला निळसर झाक दिसते. नुसताच लाल रंग सुटला आणि झाक नसली तर लाकडाची शंका घ्या. पेला रोज घासून उन्हात पालथा घाला. पाण्याला रंग यायचा थांबला की पेला संपला.

धोका: गूळ. कडू लागतं म्हणून काढ्यात गूळ घालतात. गूळही साखरच आहे, आणि सेंद्रिय गूळही साखरच आहे. मोरावळ्याचंही तेच. "आवळा शुगरला चांगला" म्हणून रोज एक मोरावळा खाणारी माणसं साखरेचा पाक खात असतात. ताजा आवळा मिठाबरोबर खा, नाहीतर आमटीत घाला.

अँटिऑक्सिडंट या शब्दाबद्दल इथेच सांगतो, कारण पुडीवर तोच मोठ्या अक्षरांत असतो. प्रयोगशाळेत जांभळ्या रंगाच्या द्रवात वनस्पतीचा अर्क टाकतात, द्रव पिवळा पडला की अर्कात ती ताकद आहे असं ठरतं. आवळा, जांभळाची बी, बिबला हे सगळे त्या परीक्षेत उत्तम उतरतात. पण नळीतला रंग पालटला म्हणजे माणसाची रक्तशर्करा उतरली असं होत नाही. पोट, यकृत, रक्त एवढा प्रवास करून त्यातलं किती उरतं हा निराळाच प्रश्न आहे. त्या आकड्यावर औषध निवडू नका, तुमच्या वहीतल्या आकड्यावर निवडा.

पायरी 8: पहिले चौदा दिवस

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेली मात्रा, आणि पायरी 1 सारखीच मोजणी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवाल्यांनी पहिला आठवडा रात्री झोपण्याआधीही एकदा मोजा. गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच चालू.

घाम, हातपाय थरथरणं, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड असं काही झालं तर लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी खालीच असेल तर पुन्हा द्या. बेडकी खाल्लेली असेल तर ग्लुकोज गोड लागणार नाही, तरी गिळा. काम ते तितकंच करतं. अकार्बोज किंवा व्होग्लिबोजच्या गोळ्या चालू असतील तर घरातली साखर चालत नाही, ग्लुकोजच लागतं, कारण त्या गोळ्या साखर फुटू देत नाहीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, गाडी काढा.

एकादशी असेल किंवा आषाढीच्या दिंडीत चालायचं असेल तर त्या दिवसांत पाला बंद ठेवा, आणि गोळीचं काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगाला खाज, भूक मरणं, उजव्या कुशीत दुखणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी पाला थांबवा आणि एसजीपीटी करा. गुडमारच्या चहाने यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. करोनाच्या काळात गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. "नैसर्गिक आहे, काय होतंय" म्हणून चार दिवस वाट पाहू नका. साखर 300 च्या वर आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल तर थेट दवाखाना.

पायरी 9: तीन महिन्यांनी निकाल

बारा आठवडे झाल्यावर एचबीए1सी, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी पुन्हा करा. पहिल्या आठवड्याची वही आणि शेवटच्या आठवड्याची वही शेजारी ठेवा.

- एचबीए1सी उतरली, बाकी दोन तपासण्या ठीक: वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची तर तेच करतील, एका वेळी एक आणि थोडी थोडी.
- काहीच फरक नाही: ती वनस्पती तुमच्यासाठी नाही. मात्रा दुप्पट करू नका, बंद करा. दुसरी घ्यायची तर पायरी 1 पासून.
- एसजीपीटी किंवा क्रिएटिनिन वाढलं: बंद, आणि पुन्हा सुरू करायची नाही.

याच काळात तुम्ही चालायला लागला असाल, भात कमी केला असेल, चहातली साखर सोडली असेल, तर तेही वहीत लिहा. आत्या आता गोळी आणि मेथी दोन्ही घेते. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, रोज रात्री तळवे आरशात बघते. मागच्या खेपेला तिची एचबीए1सी 7.1 आली. मेथीने की संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालल्याने, हे तिच्या वहीवरून मला सांगता आलं नाही, कारण दोन्ही तिने एकाच सोमवारी सुरू केलं होतं.